बांधकाम कामगारांचे सुरक्षितता-प्रशिक्षण : मराठवाडा

बांधकामाच्या जागी नव्याने येणाऱ्या कामगारास तेथील धोके, ते टाळण्याचे उपाय, संरक्षक साधनांचा वापर व अपघातप्रसंगी करावयाच्या गोष्टी यांची प्रत्यक्ष कामास हात लावण्यापूर्वी करून दिलेली ओळख म्हणजे सुरक्षितता-परिचय होय. काम चालू असताना ठराविक काळाने किंवा काम बदलताना जे शिक्षण दिले जाते, त्यास सुरक्षितता-प्रशिक्षण म्हणतात. कारखान्यात यंत्र एका जागी स्थिर असते व कामगार त्याच्याशी दीर्घकाळ परिचित होतो. बांधकामात याच्या उलट स्थिती असते. कामाची जागा दररोज बदलते. काल जेथे सपाट जमीन होती, तेथे आज खोल चर असतो आणि उद्या त्यावर भिंत उभी राहते. कामगारही बहुधा हंगामी, स्थलांतरित व मुकादमाच्या टोळीतून आलेला असतो. त्यामुळे या व्यवसायात पूर्वपरिचयाचे महत्त्व इतर उद्योगांपेक्षा अधिक आहे. तथापि ज्या व्यवसायांत असे शिक्षण सर्वांत उशिरा सुरू झाले, त्यांत बांधकामाचा समावेश करावा लागतो. महाराष्ट्रात आणि विशेषतः नांदेड, लातूर या मराठवाड्याच्या जिल्ह्यांत हे शिक्षण कसे विकसित झाले व ते कोठवर पोहोचले, याचा आढावा येथे घेतला आहे.

पारंपरिक शिक्षण : दगडी बांधकामाची परंपरा मराठवाड्यात प्राचीन आहे. होट्टल (ता. देगलूर) येथील चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर किंवा कंधारचा किल्ला ही त्याची नांदेड जिल्ह्यातील परिचित उदाहरणे होत. पाथरवट, बेलदार, वडार, गवंडी, सुतार या समाजांत बांधकामाचे ज्ञान घरातून व टोळीतून पुढच्या पिढीकडे जात असे. मुलगा प्रथम बिगारी म्हणून गारा कालवी, दगड व पाणी देई. काही वर्षांनी त्याच्या हाती थापी व ओळंबा येई. दगड कोणत्या बाजूने फुटेल, पहार कशी धरावी, परांचीची गाठ कशी मारावी, ओल्या भिंतीवर किती वजन टाकू नये, या गोष्टी तो पाहून व चुकून शिके. या पद्धतीत सुरक्षिततेचे शिक्षण हे कौशल्याच्या शिक्षणापासून वेगळे नव्हते. चांगला कारागीर तोच सावध कारागीर असे समजले जाई.

या पद्धतीच्या दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे हे ज्ञान कारागिरापुरते राही. डोक्यावरून माती, विटा व पाणी वाहणाऱ्या मजुरास, त्यातही स्त्रियांना, ते कोणी मुद्दाम देत नसे. दुसरी म्हणजे परिचित साहित्य व परिचित उंची यांपलीकडे ते उपयोगी पडत नसे. सुरुंगाची दारू, वाफेची यंत्रे, पोलादी सळया, काँक्रीट व वीज ही साधने आली, तेव्हा धोक्यांचे स्वरूप बदलले. शिकविण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली.

रेल्वे व घाटातील बोगदे : महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीच्या महाकाय बांधकामाचा प्रारंभ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या घाटमार्गांनी झाला. बोरघाटातील कामास १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी हा मार्ग खुला झाला. सु. २५ किमी. लांबीच्या या चढावर २५ बोगदे खणावे लागले. १८६१ मध्ये तेथे एका वेळी काम करणाऱ्यांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. काही ठिकाणी कड्यावरून दोराने माणसे खाली सोडून मोजणी करावी लागे व सुरुंगाची भोके पाडावी लागत. सुरुंग, दरडी व पडझड यांमुळे माणसे दगावत असतच. परंतु पटकी व ताप यांनी त्याहून कितीतरी अधिक बळी घेतले. पिण्याच्या पाण्याची व मलमूत्र-विसर्जनाची व्यवस्था नसलेल्या छावण्या हेच त्याचे मुख्य कारण होते. कामाचा ठेका घेणारा सॉलोमन ट्रेडवेल हा स्वतःदेखील १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मृत्यू पावला. त्यानंतर त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका चालू ठेवला.

त्याच वर्षी वेतनाच्या तक्रारीवरून घाटातील मजुरांनी उठाव केला. यातून १८६० चा मालक व कामगार (तंटे) अधिनियम आला. परंतु त्याचा विषय वेतन व करारभंग हा होता, जिवाची सुरक्षितता हा नव्हता. बोरघाटाचा अनुभव पुढील काळासाठी दोन दृष्टींनी बोधप्रद ठरतो. बांधकामावरील मृत्यू केवळ उंचावरून पडून होत नाहीत, पाणी, निवारा व स्वच्छता यांच्या अभावानेही होतात. म्हणून सुरक्षिततेबरोबर आरोग्याचाही विचार करावा लागतो. तसेच ठेकेदाराकडे काम सोपविले, की मजुराच्या जिवाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या वेळी उभा राहिला आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

हैदराबाद संस्थानात मनमाडहून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), नांदेड व निजामाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. त्याच्या मुदखेड स्थानकातून फुटणारा आदिलाबादचा फाटा भोकरवरून जातो. गोदावरीच्या खोऱ्यातील ग्रामीण मजुराला माती-भरावाच्या व पुलाच्या मोठ्या कामांची ओळख अशा मार्गांनी करून दिली.

नुकसानभरपाईचा कायदा : भारतात कामगाराच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दाद मागण्याचा मार्ग १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाने तत्त्वतः खुला केला होता, परंतु मालकाचा दोष सिद्ध करण्याचा भार वारसांवर असल्याने मजुराच्या कुटुंबास त्याचा क्वचितच उपयोग होई. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि दोष सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. ठराविक प्रकारच्या इमारती, रस्ते, पूल, धरणे व बोगदे यांवरील कामगारांचा त्यात समावेश होता. ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही जबाबदारी टाकण्यात आली, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय [⟶ कामगार नुकसानभरपाई].

या कायद्यातील दोन तरतुदी प्रशिक्षणाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोग्या आहेत. सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेली आज्ञा कामगाराने जाणूनबुजून मोडली आणि त्यामुळे इजा झाली, तर मालकास भरपाईतून सूट मिळू शके. मृत्यू आल्यास मात्र ही सूट नव्हती. अर्थात अशी आज्ञा कामगारास कळेल अशा भाषेत खरोखर देण्यात आली होती काय, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. सुरक्षितता-परिचयाची नोंद ठेवून तिच्यावर कामगाराचा अंगठा किंवा सही घेण्याची प्रथा मोठ्या कंपन्यांत रूढ होण्यामागे हे एक कारण आहे. दुसरी तरतूद ‘नैमित्तिक’ कामगारासंबंधी होती. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामावर तात्पुरता लावलेला मजूर या कायद्याबाहेर राही. स्वतःचे घर बांधणाऱ्या शेतकऱ्याने किंवा दुकानदाराने अड्ड्यावरून आणलेला बिगारी नेमका याच वर्गात मोडे. ही अट २००० च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. १९५१ पासून अनेक केंद्रीय कायदे हैदराबाद राज्यासही लागू होऊ लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. मुंबई-पुण्यात कामगार कायद्यांची व तपासणी-यंत्रणेची जी परंपरा अगोदरच होती, ती येथे उशिरा आली, याचे हे राजकीय कारण आहे.

संस्था व मानके : १९४८ चा कारखाने अधिनियम हा सुरक्षिततेचा प्रमुख कायदा असला, तरी बांधकामाची जागा सामान्यतः ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नसल्याने बांधकाम मजूर त्याच्या संरक्षणाबाहेर राहिला. या काळात सुरक्षिततेच्या विचारास दिशा देणाऱ्या काही संस्था मुंबईत उभ्या राहिल्या. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्य, सुरक्षितता व प्रशिक्षण यांविषयी काम होऊ लागले. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. १९७२ पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळण्यात येतो. भारतीय मानक संस्थेने (नंतरचा भारतीय मानक ब्यूरो) याच दशकात परांची व शिड्या, खोदकाम, सुरुंगकाम, पाडकाम तसेच शिरस्त्राण व सुरक्षा-पट्टे यांसंबंधी मानके प्रसिद्ध केली. १९७० च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांधकाम चालू असतानाच्या सुरक्षिततेचाही समावेश होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारत-बांधकामातील सुरक्षिततेचा पहिला करार (क्र. ६२) १९३७ मध्ये व त्याहून व्यापक असा दुसरा करार (क्र. १६७) १९८८ मध्ये स्वीकारला. कामगारास त्याच्या कामाच्या जागी संभवणाऱ्या धोक्यांची माहिती देणे व ते टाळण्याचे शिक्षण देणे हे कर्तव्य दुसऱ्या करारात स्पष्टपणे नमूद केले आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख या चारही गोष्टी मालकाच्या कर्तव्यात आणल्या होत्या.

दुष्काळी कामे व रोजगार हमी : मराठवाड्यातील ग्रामीण जनतेस बांधकाम मजुरीची सर्वांत व्यापक ओळख दुष्काळाने करून दिली. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये सु. ५० लाख लोक होते. पाझर तलाव, नाला-बांध, रस्ते व खडी फोडणे ही या कामांची मुख्य रूपे होत. शेतकरी, कूळ व शेतमजूर कालपर्यंत नांगर धरणारे होते. ते एकाएकी हातोडा व टिकाव घेऊन खडीच्या ढिगावर बसले. दगडाचे कपचे उडून डोळ्यांस इजा होणे, बोटे ठेचणे, उन्हात भोवळ येणे या नित्याच्या घटना होत्या. बहुसंख्य कामांवर कोणतेही पूर्वशिक्षण नव्हते. मजुरीचे मोजमाप घेणारा कारकून होता, धोका सांगणारा कोणी नव्हता.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या अधिनियमाने कायदेशीर हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा अंमल सुरू झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार-पेटी व सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी स्त्री-कामगार नेमणे, जखमी मजुरास विनामूल्य उपचार व मृत्यू किंवा कायम अपंगत्व आल्यास सानुग्रह रक्कम यांची तरतूद झाली. या तरतुदी मदतीच्या स्वरूपाच्या आहेत. कामापूर्वी शिक्षण देण्याचे अंग त्यांत दुर्बल राहिले आहे [⟶ रोजगार हमी योजना].

याच काळात पैठणचे जायकवाडी (उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९७६), पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर, नांदेडजवळील विष्णुपुरी, ऊर्ध्व पैनगंगा अशा प्रकल्पांनी मराठवाड्यातील हजारो मजुरांना वर्षानुवर्षे काम दिले. धरणांवर खोदयंत्रे व काँक्रीट यांचा वापर होता व पाटबंधारे खात्याचे अभियंते हजर असत. त्यामुळे सुरुंगाच्या वेळी भोंगा वाजविणे, लाल निशाण लावणे, ठराविक अंतरापलीकडे माणसे हटविणे असे काही शिस्तीचे पाठ तेथे मिळाले. विहिरी फोडणाऱ्या वडार टोळ्यांनी यातील काही सवयी खेड्यांतही नेल्या.

किल्लारीचा भूकंप व गवंड्यांचे प्रशिक्षण : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सु. आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद कोसळणे हे मनुष्यहानीचे प्रमुख कारण होते. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतविणारे आरपार दगड बहुधा घातलेले नव्हते. हादऱ्यासरशी हे दोन थर फुगून अलग झाले व छत खाली आले. गवंड्याच्या हाताचे काम चांगले की वाईट, यावर घरात झोपलेल्या माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते, ही गोष्ट या आपत्तीने निर्विवादपणे दाखवून दिली.

पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. त्याशिवाय सु. १३ जिल्ह्यांत मोठ्या संख्येने घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. दुरुस्ती घरमालकांनीच करावयाची असल्याने गावोगावच्या गवंड्यांना शिकविणे अपरिहार्य ठरले. आरपार दगड ठराविक अंतरावर बसविणे, दार-खिडक्यांच्या माथ्यावर व छताच्या पातळीवर घराला सर्व बाजूंनी वेढणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, कोपऱ्यांत उभ्या सळया बसविणे, माळवदावरील मातीचा थर कमी करणे या गोष्टी नमुन्याची घरे बांधून प्रत्यक्ष दाखविण्यात आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत गावातील स्त्रियांनाही या तंत्राची माहिती देण्यात आली व कामावर लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी केले. भूकंपरोधक बांधकामासंबंधीची काही भारतीय मानकेही १९९३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ती ग्रामीण गवंड्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न येथे झाला.

या उपक्रमाचा मुख्य हेतू घरात राहणाऱ्याची सुरक्षितता हा होता, बांधणाऱ्याची नव्हे. तथापि अक्षरओळख नसलेला, परंतु अनुभवी कारागीर प्रत्यक्ष नमुना पाहून, स्वतःच्या हाताने करून व आपल्याच बोलीत चर्चा करून नवे तंत्र अल्पावधीत आत्मसात करतो, हे त्यातून सिद्ध झाले. सुरक्षितता-प्रशिक्षणास हाच धडा लागू पडतो.

१९९६ चा अधिनियम : बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा असावा, ही मागणी १९८५ पासून न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मोहीम समितीने लावून धरली. तिच्या प्रयत्नांतून इमारत व इतर बांधकाम कामगार (रोजगार व सेवाशर्ती यांचे विनियमन) अधिनियम, १९९६ व त्याला जोडून उपकराचा अधिनियम संमत झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. पाचशे किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी नेमणे, काम सुरू करण्याच्या किमान तीस दिवस आधी निरीक्षकास कळविणे, अपघाताची सूचना देणे, तसेच पिण्याचे पाणी, शौचालये, प्रथमोपचार व पन्नासपेक्षा अधिक स्त्री-कामगार असल्यास पाळणाघर ही बंधने त्याने घातली. बांधकाम-खर्चाच्या १ टक्का उपकरातून कल्याण मंडळाचा निधी उभारला जातो.

१९९८ च्या केंद्रीय नियमांत सुरक्षिततेचे तपशील आहेत. पन्नास किंवा अधिक कामगार असल्यास मालकाने सुरक्षितता व आरोग्य यांविषयी लेखी धोरण तयार करावे. प्रौढ पुरुषाने एकट्याने ५५ किग्रॅ. व प्रौढ स्त्रीने ३० किग्रॅ. यांपेक्षा जास्त ओझे उचलू नये, अशा तरतुदी त्यांत आढळतात. सिमेंटचे पोते ५० किग्रॅ. वजनाचे असते, म्हणजे या नियमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीने भरलेले पोते एकटीने वाहू नये. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले आणि राज्याचे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये कार्यरत झाले. उपकराची रक्कम जमा होऊनही ती कामगारांपर्यंत पोहोचत नाही, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निर्णयात अनेक निदेश दिले.

प्रशिक्षणाचे स्वरूप : मोठ्या प्रकल्पांवर आता नवीन कामगारास प्रवेशपत्र देण्यापूर्वी परिचय-सत्र घेतात. त्यात जागेचा आराखडा, जाण्या-येण्याच्या वाटा, मनाई असलेली क्षेत्रे, प्रथमोपचाराचे ठिकाण, आगीच्या वेळी जमण्याची जागा व कोणाकडे तक्रार करावयाची हे सांगण्यात येते. शिरस्त्राण, बूट व सुरक्षा-पट्टा वापरून दाखवितात. यानंतर रोज सकाळी कामास लागण्यापूर्वी मुकादम किंवा पर्यवेक्षक त्या दिवशीच्या धोक्याविषयी पाच-दहा मिनिटे बोलतो. यास ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात.

मराठवाड्याच्या परिस्थितीत पुढील विषयांना विशेष महत्त्व आहे : (१) खोदकाम : काळी माती सुकल्यावर भेगाळते व पाणी मुरल्यावर फुगते. वरून घट्ट दिसणारी चराची बाजू पावसानंतर किंवा शेजारून वाहन गेल्यावर एकाएकी ढासळते. मानकांनुसार १·५ मी. पेक्षा खोल चरास फळ्या व टेकूंचा आधार द्यावा लागतो. काढलेली माती कडेपासून १·५ मी. किंवा चराच्या निम्म्या खोलीइतके अंतर, यांपैकी जे अधिक असेल तेवढी दूर टाकावयाची असते. (२) उंचीवरील काम : परांचीवर पूर्ण रुंदीच्या फळ्या व कठडा असावा, शिडी चार भाग उंचीस एक भाग तळ या प्रमाणात टेकवावी. (३) साचे (सेंट्रिंग) : काँक्रीट ओतताना त्याचे सर्व वजन टेकूंवर येते. एक टेकू मऊ मातीवर खचला, तरी संपूर्ण छत कोसळू शकते. (४) वीज : ओळीने उभ्या केलेल्या किंवा गच्चीवर उचललेल्या लांब सळया वरून जाणाऱ्या तारांस लागून अपघात घडतात; ओल्या जमिनीवरील उघड्या जोडाचा धोकाही तेवढाच आहे. (५) धूळ व सिमेंट : दगड फोडण्याच्या व कापण्याच्या धुळीतील सिलिकेमुळे फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो, ओले सिमेंट त्वचा जाळते. (६) ऊन : एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जात असल्याने कामाच्या वेळा बदलणे, पाणी व सावली यांची तजवीज करणे व उष्माघाताची लक्षणे ओळखणे शिकविले पाहिजे.

भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भोकर परिसरातील एकाच कामावर मराठी, दख्खनी उर्दू, तेलुगू व बंजारा (गोरमाटी) बोलणारे मजूर असू शकतात. मोठ्या रस्त्यांच्या व पुलांच्या कामांवर उत्तर भारतातील मजुरांची त्यात भर पडते. अशा ठिकाणी इंग्रजी फलक निरुपयोगी ठरतात. चित्रे, प्रात्यक्षिके व प्रत्येक टोळीतील एखादा जाणता दुभाषी यांचा उपयोग होतो.

अपघातांतून दिसणारे वास्तव : ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुंब्र्याजवळ शीळ येथे बेकायदा बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण मृत्यू पावले, अपुऱ्या इमारतीतच मजूर कुटुंबांसह राहत असल्याने त्यांत मुलांचाही समावेश होता. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढवा येथे पावसाने संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर पडून १५ जणांचा बळी गेला. १ ऑगस्ट २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात पुलाची तुळई बसविणारे अजस्र यंत्र कोसळून २० जण ठार झाले. यांपैकी पहिल्या दोन घटनांत बळी पडलेले अनेक जण त्या क्षणी कामावर नव्हते, तर आपल्या निवाऱ्यात होते. तिसऱ्या घटनेत काम अत्यंत यांत्रिक होते. कामगाराने सावध राहावे एवढेच शिकवून असे अपघात टळत नाहीत. आराखडा, देखरेख व निवारा यांची जबाबदारी असलेल्यांचेही शिक्षण तितकेच आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट होते.

भोकरमधील स्थिती : भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण तेलंगणाच्या सीमेपासून जवळ आहे. अशा गावी कारखान्यासारखे मोठे बांधकाम क्वचित असते. बहुतेक कामे एक-दोन मजली घरे, दुकाने, विहिरी, शेततळी व गावरस्ते यांची असतात. घरमालक एखाद्या मिस्त्रीस काम सांगतो. मिस्त्री अड्ड्यावरून चार-सहा मजूर आणतो. परांची बांबूची किंवा उसनी आणलेली असते. पर्यवेक्षक, सुरक्षा अधिकारी किंवा समिती यांपैकी काहीही तेथे नसते. नव्या बिगाऱ्यास मिस्त्री पहिल्या दिवशी जे काही सांगेल, तेवढेच त्याचे प्रशिक्षण होय.

१९९६ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची कामे व १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे घर यांना वगळले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व तिने १९९६ च्या अधिनियमाची जागा घेतली. माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरविणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. सुरक्षा अधिकाऱ्यासाठीची बांधकाम कामगारांची मर्यादा २५० वर आणली आहे. धोका जाणवल्यास तो कळविण्याचा कामगाराचा हक्कही तीत मान्य केला आहे. मात्र दहा कामगारांची अट कायम असून, स्वतःच्या घराच्या खर्चाची वगळण्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. तालुक्याच्या गावातील बहुसंख्य घरे या मर्यादेच्या आत येतात. म्हणजे मोठ्या प्रकल्पावरील मजुराचे संरक्षण वाढले, तर गावातील मिस्त्रीच्या हाताखालच्या मजुराचे कार्यक्षेत्र कायद्याच्या बाहेरच राहिले.

ही उणीव काही अंशी कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीने भरून निघते. वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारास नोंदणी करता येते व मंडळातर्फे त्यास सुरक्षा-संचही देण्यात आला आहे. परंतु संच मिळणे व तो वापरण्याची सवय लागणे या भिन्न गोष्टी आहेत. पेटीत ठेवलेले शिरस्त्राण डोके वाचवीत नाही. संच-वाटपाच्या दिवशीच अर्धा तास प्रात्यक्षिक दाखविणे, ग्रामसेवक व नगरपरिषद यांनी बांधकाम-परवान्यासोबत चराचा आधार, वीज व टेकू यांविषयी एक पानी मराठी सूचना देणे आणि मिस्त्रीलाच शिक्षक मानून त्यास प्रथम प्रशिक्षण देणे, हे अल्प खर्चाचे उपाय आहेत. किल्लारीनंतर मराठवाड्याच्या गवंड्यांनी नवे तंत्र शिकून दाखविले होते. तोच मार्ग स्वतःच्या व हाताखालच्या माणसाच्या जिवासाठी अनुसरणे शक्य आहे. पारंपरिक पद्धतीत थापी हातात देणारा वडीलधारा कारागीरच सावधपणाही शिकवीत असे. आधुनिक कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे आजही तोच एकमेव शिक्षक उरतो.